समग्रलक्षी आर्थिक सिद्धांताचे विद्यापीठीय अध्ययन

समग्रलक्षी आर्थिक सिद्धांताचे विद्यापीठीय अध्ययन : राष्ट्राचे एकूण उत्पन्न, रोजगार, सर्वसाधारण किंमतपातळी, व्याजाचा दर व परदेशांशी होणाऱ्या देवघेवीचा ताळेबंद यांसारख्या समुच्चयात्मक राशी कशाने ठरतात आणि परस्परांवर कसा परिणाम करतात, याचे विवेचन करणाऱ्या सिद्धांताचा पदवी अभ्यासक्रमातील मध्यम पातळीवरील अभ्यास. प्रारंभिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला राष्ट्रीय उत्पन्न, चलन, बँकव्यवसाय, अंदाजपत्रक इत्यादींची ओळख वर्णनाच्या स्वरूपात होते. पदव्युत्तर पातळीवर कालानुगामी गणिती प्रतिमाने आणि सांख्यिकीय परीक्षणे येतात. या दोहोंच्या मधल्या पायरीवर, सामान्यतः पदवीच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी, विद्यार्थी दोन-तीन बाजारांचा एकाच वेळी विचार करणारे लहानसे प्रतिमान स्वतः हाताळावयास शिकतो. पुढे शिक्षक, बँक-अधिकारी, प्रशासक किंवा पत्रकार होणाऱ्या बहुसंख्य पदवीधरांचे या विषयाचे शिक्षण येथेच संपते. शासनाने खर्च वाढवावा की आवरावा, व्याजाचे दर उतरावेत की चढावेत, यांविषयी मत देताना ते जे प्रतिमान मनात बाळगून असतात, ते याच पायरीवरचे असते. म्हणून ते प्रतिमान त्यांच्या हाती केवळ निष्कर्षांच्या रूपाने पडले की गृहीतांसह पडले, हा प्रश्न परीक्षेपुरता मर्यादित राहत नाही.

पार्श्वभूमी : अर्थशास्त्राची सूक्ष्मलक्षी व समग्रलक्षी अशी विभागणी १९३० नंतरच्या दशकातील आहे. नॉर्वेजियन अर्थशास्त्रज्ञ रॅग्नर फ्रिश (१८९५–१९७३) यांनी १९३३ साली व्यापारचक्रांवरील निबंधात ही दोन विश्लेषणे वेगळी ओळखली. अभ्यासक्रमाचा गाभा मात्र जॉन मेनार्ड केन्स (१८८३–१९४६) यांच्या द जनरल थिअरी ऑफ एम्प्लॉयमेंट, इंटरेस्ट अँड मनी (१९३६) या ग्रंथातून आला. त्याआधी १९३१ मध्ये रिचर्ड कान (१९०५–८९) यांनी सार्वजनिक बांधकामांवरील खर्चातून रोजगार किती पटींनी वाढतो याचे गणित मांडले होते. केन्स यांनी त्यालाच उत्पन्नाच्या गुणकाचे रूप दिले. केन्स यांचा ग्रंथ वाचावयास दुर्घट आहे व त्यात एकही अशी आकृती नाही, जिच्यात सबंध सिद्धांत सामावला जावा. ही उणीव जॉन हिक्स (१९०४–८९) यांनी १९३७ च्या एका निबंधात दोन छेदणाऱ्या वक्रांनी भरून काढली. अमेरिकेत ॲल्व्हिन हॅन्सन (१८८७–१९७५) यांनी त्या आकृतीचा प्रसार केला व ती आयएस-एलएम या नावाने वर्गावर्गांत पोहोचली. लॉरी टार्शिस (१९४७) व पॉल सॅम्युएल्सन (१९४८) यांच्या पाठ्यपुस्तकांनी केन्सप्रणीत विचार प्रारंभिक वर्गात नेला. यांपैकी टार्शिस यांच्या ग्रंथावर अमेरिकेत राजकीय हेत्वारोप झाले आणि अनेक महाविद्यालयांतून तो मागे पडला. मधल्या पायरीसाठी भारतीय विद्यापीठांत गार्डनर ॲक्ले यांचा १९६१ चा ग्रंथ दीर्घकाळ वापरात होता. पुढे डोर्नबुश व फिशर (१९७८), मॅनक्यू (१९९२) व ब्लांशार (१९९७) यांची पुस्तके त्याच्या जागी आली.

मूलभूत भेद : या अभ्यासात विद्यार्थी अडखळतो तो बहुधा गणितापाशी नव्हे, तर शब्दांपाशी. 'गुंतवणूक' हा शब्द मराठी व्यवहारात भाग, सोने, जमीन किंवा मुदतठेव यांच्या खरेदीलाही लावला जातो. सिद्धांतात मात्र यंत्रे, इमारती आणि मालसाठा यांत पडलेली नवी भर म्हणजेच गुंतवणूक होय. एकाने दुसऱ्याकडून जुने घर विकत घेतले, तर राष्ट्राच्या गुंतवणुकीत काहीच फरक पडत नाही; दलालाची दलाली तेवढी त्या वर्षाच्या उत्पादनात मोडते. तसेच 'पैसा' आणि 'उत्पन्न'. एखाद्याजवळ पुष्कळ पैसा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे उत्पन्न मोठे आहे, त्याची मालमत्ता मोठी आहे की तो रोकड जवळ बाळगून आहे, हे स्पष्ट होत नाही. सिद्धांतात या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न हा प्रवाह आहे व तो कालावधीच्या संदर्भात मोजला जातो. पैसा हा साठा आहे व तो एखाद्या क्षणी मोजला जातो.

साठा व प्रवाह यांतील संबंध डोळ्यांना दिसावा, म्हणून न्यूझीलंडचे ए. डब्ल्यू. फिलिप्स (१९१४–७५) यांनी १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे एक यंत्रच उभे केले होते. पारदर्शक नळ्या व टाक्या यांतून रंगीत पाणी फिरे. वाहते पाणी म्हणजे उत्पन्न व खर्च आणि टाकीतील पातळी म्हणजे शिल्लक. कराची झडप थोडी उघडली, की उपभोगाची धार बारीक होई. आज संगणकाच्या पडद्यावर हेच अधिक अचूकपणे दाखविता येते. परंतु टाकी भरावयास वेळ लागतो ही गोष्ट पाण्याइतकी सहजपणे आकडे पटवीत नाहीत.

दुसरा भेद नित्यसमानता आणि समतोलाची अट यांतील आहे. बचत व गुंतवणूक नेहमीच समान असतात असे एका प्रकरणात वाचावयास मिळते आणि त्या समान झाल्या म्हणजे उत्पन्न समतोलावर येते असे पुढच्या प्रकरणात सांगितले जाते. जे नेहमीच समान आहे ते समान 'होण्याची' अट कशी असू शकेल, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी चुकत नाही. तो न विचारणारा बहुधा काहीतरी गिळून पुढे गेलेला असतो. हिशेबाच्या वहीत विकला न गेलेला माल हाही उत्पादकाची गुंतवणूक म्हणून नोंदला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष बचत व प्रत्यक्ष गुंतवणूक यांत वर्षअखेर फरक राहूच शकत नाही. परंतु गोदामात पडून राहिलेला तो माल उत्पादकाने योजलेला नव्हता. पुढील हंगामात तो उत्पादन कमी करतो, कामगार कमी करतो आणि उत्पन्न घसरते. योजित गुंतवणूक व योजित बचत जुळतात तेथेच ही हालचाल थांबते. पहिले विधान हिशेबाचे आहे, दुसरे वर्तनाचे. या पायरीवरील अभ्यासक्रमातील निम्म्याअधिक चुका हा भेद विसरल्याने होतात.

प्रतिमान व त्याचे निष्कर्ष : आयएस वक्र हा व्याजाचा दर व उत्पन्न यांच्या अशा जोड्यांचा बनलेला असतो, ज्यांत वस्तूंसाठीची एकूण मागणी उत्पादनाइतकी असते. व्याज चढले म्हणजे गुंतवणूक घटते, म्हणून तो उजवीकडे खाली उतरतो. एलएम वक्रावर पैशाची मागणी व पुरवठा समान असतात. उत्पन्न वाढले की व्यवहारांसाठी अधिक रोकड लागते; पुरवठा ठरलेला असेल, तर व्याज चढल्यावाचून ती मोकळी होत नाही. म्हणून तो वर चढतो. दोन्ही वक्र छेदतात तेथे दोन्ही बाजार एकाच वेळी समतोल असतात. एका काल्पनिक अर्थव्यवस्थेवरून हे पाहता येईल. पुढील सर्व राशी कोटी रुपयांत आहेत.

समजा, उपभोग हा १०० अधिक उत्पन्नाच्या तीन-चतुर्थांशाइतका आहे. गुंतवणूक ही २०० मधून व्याजदराची दसपट वजा करून मिळते. शासनाचा खर्च १०० आहे व सुलभतेसाठी कर नाहीत असे धरले आहे. पैशाचा पुरवठा २०० असून त्याची मागणी उत्पन्नाच्या एक-चतुर्थांशातून व्याजदराची दसपट वजा केल्याइतकी आहे. किंमतपातळी १ आहे. दोन्ही समीकरणे एकत्र सोडविली असता व्याजाचा दर १० टक्के व उत्पन्न १,२०० कोटी येते. त्यात उपभोग १,०००, गुंतवणूक १०० व शासनाचा खर्च १०० आहे.

आता शासनाने आपला खर्च ५० कोटींनी वाढविला. उत्पन्न कितीने वाढेल? प्रारंभिक पुस्तकातील गुणकानुसार उत्तर २०० कोटी असे आहे, कारण प्रत्येक रुपयातील पाऊण रुपया पुन्हा खर्च होतो व गुणक ४ येतो. मात्र हे उत्तर व्याजाचा दर १० टक्क्यांवरच राहील असे धरून काढलेले आहे. पैशाचा पुरवठा २०० वरच ठेवला, तर वाढत्या व्यवहारांसाठी रोकड अपुरी पडते, व्याजाचा दर १२.५ टक्क्यांवर जातो, खाजगी गुंतवणूक १०० वरून ७५ वर मागे रेटली जाते आणि उत्पन्न १,३०० वर थांबते. म्हणजे वाढ १०० कोटी, गुणक २. आणि १,२०० कोटी हीच जर उत्पादनाची कमाल मर्यादा असेल, कारखाने व शेती याहून अधिक देऊच शकत नसतील, तर वाढलेल्या मागणीने वस्तूंचे प्रमाण वाढत नाही, किंमती वाढतात. किंमती चढल्या की त्याच २०० कोटींच्या पैशाची क्रयशक्ती घटते. ती १५० पर्यंत उतरेतो, म्हणजे किंमतपातळी एक-तृतीयांशाने चढेतो, ही प्रक्रिया चालू राहते. तेथे व्याजाचा दर १५ टक्के व गुंतवणूक ५० असते. शासनाने जेवढे अधिक घेतले तेवढेच खाजगी गुंतवणुकीतून वजा झाले. उत्पन्नातील वाढ शून्य.

खर्च तोच, ५० कोटी. उत्तरे तीन, २००, १०० व शून्य. तिन्ही बरोबर आहेत. मध्यम पातळीवरील अभ्यासक्रमाचे सर्व प्रयोजन या तीन उत्तरांच्या तुलनेत आहे असे म्हटल्यास ते फारसे वावगे ठरणार नाही. कोणती राशी प्रतिमानाच्या आत ठरते, कोणती बाहेरून दिलेली आहे व कोणती तात्पुरती स्थिर धरली आहे, हे सांगितल्याशिवाय 'खर्च वाढला की उत्पन्न वाढते' या वाक्याला अर्थ नाही. वक्र कोणत्या दिशेने सरकतो हे विद्यार्थी पाठ करू शकतो. तो का सरकला, आणि दुसरा वक्र जागेवरच का राहिला, हे पाठ करता येत नाही.

या उदाहरणात एक सूक्ष्म अडचण दडलेली आहे व ती पुस्तकांत बहुधा मोजक्या शब्दांत उरकली जाते. व्याजदर १० टक्क्यांवर राखून उत्पन्न १,४०० वर न्यावयाचे, तर पैशाचा पुरवठा २०० वरून २५० वर नेणे पुरते. वाढीव खर्च ५० कोटी, नवा पैसाही ५० कोटी. तेव्हा नोटा छापून खर्च भागविला की पहिले उत्तर मिळते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खर्च हा प्रवाह आहे. तो दरवर्षी ५० कोटी आहे, तर पैशातील आवश्यक वाढ एकदाच ५० कोटी आहे. दुसऱ्या वर्षीही तूट नव्या पैशानेच भरली, तर पुरवठा ३०० होतो, तिसऱ्या वर्षी ३५०; एलएम वक्र दरवर्षी सरकत राहतो आणि एका वर्षाचे चित्र म्हणून काढलेली आकृती आता कोणत्याच वर्षाचे चित्र उरत नाही.

भारतीय संदर्भ : केन्स यांच्यासमोर १९३० नंतरच्या मंदीतील ब्रिटन होते. तेथे यंत्रे बंद होती, कुशल कामगार घरी बसले होते. मागणी वाढली की दोन्ही कामाला लागणार होते. भारतातील बेकारी या जातीची आहे काय, हा प्रश्न येथील अर्थशास्त्रज्ञांनी लवकरच उपस्थित केला. मुंबई व केंब्रिज येथे शिकलेले व्ही. के. आर. व्ही. राव (१९०८–९१) यांनी १९५२ मधील निबंधात असे प्रतिपादन केले, की अल्पविकसित अर्थव्यवस्थेत गुणक चालतो तो पैशातील उत्पन्नावर व किंमतींवर. वास्तव उत्पादन व रोजगार यांवर त्याचा प्रभाव नाममात्र असतो. त्यांची कारणे आकृतीतून नव्हे, तर शेतीच्या व्यवहारातून आलेली होती. बहुसंख्य लोक मजुरीवर नसून घरच्या शेतीवर वा धंद्यावर काम करतात. त्यांची बेकारी प्रच्छन्न असते व प्रचलित मजुरीवर काम शोधणाऱ्यांच्या रांगेत ते दिसत नाहीत. उत्पन्न वाढले की त्याचा मोठा भाग अन्नधान्यावर खर्च होतो. धान्याचा पुरवठा मात्र पावसावर व पुढच्या हंगामावर अवलंबून असतो. शिवाय भाव चढल्यावर शेतकरी घरात अधिक खातो व बाजारात आणावयाचा माल कमी होऊ शकतो.

मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी प्लॅनिंग फॉर ॲन एक्स्पांडिंग इकॉनॉमी (१९५६) या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. रोजगाराची मर्यादा पैशाच्या मागणीने नव्हे, तर मजुरांच्या उपभोगात येणाऱ्या धान्य, कापड इत्यादी वस्तूंच्या उपलब्ध साठ्याने ठरते, हा त्यांचा मुद्दा होता. शेतावरील जादा माणूस धरणाच्या कामावर नेला, तर त्याची भाकरीही धरणावर पोहोचावी लागते. ती पोहोचली नाही, तर त्याच्या हातातील रोख मजुरी इतरांच्या ताटातील भाकरी महाग करते. वरील उदाहरणातील तिसरे उत्तर येथे ओळखता येईल.

हा वाद कागदावरचा नव्हता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१) १,२०० कोटी रुपयांचा तुटीचा अर्थभरणा योजिला होता. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळातील आपल्या भिन्नमतपत्रिकेत तो चलनवाढीस कारण होईल असा इशारा दिला. पहिल्या योजनेच्या अखेरीस घाऊक किंमती प्रारंभापेक्षा उतरलेल्या होत्या. दुसऱ्या योजनेच्या काळात त्या सुमारे ३० टक्क्यांनी चढल्या. सर्व वाढ तुटीमुळेच झाली असे यावरून सिद्ध होत नाही, कारण पिकांचे चढउतार व परकीय चलनाची १९५७–५८ मधील टंचाई हीही तेथे होती.

तथापि भारतात गुणक कधीच चालत नाही, असा उलट टोकाचा निष्कर्षही घाईचा ठरेल. १९६५–६६ व १९६६–६७ या दोन अवर्षणांनंतर सार्वजनिक गुंतवणुकीला कात्री लागली. अभियांत्रिकी कारखान्यांत यंत्रे थांबली, आणि त्याच वेळी धान्याचे भाव चढत राहिले. एकाच देशात एका क्षेत्रात मागणीची वाण व दुसऱ्यात पुरवठ्याची, अशी ही स्थिती होती. एकच किंमतपातळी व एकच उत्पादन धरणारे प्रतिमान ती दाखवूच शकत नाही. महाराष्ट्रात १९७२–७३ च्या दुष्काळात ज्वारी-बाजरीचे पीक बुडाले असता लाखो लोक पाझर तलाव, रस्ते व खडी फोडण्याच्या कामांवर आले. त्या मजुरीने त्यांना क्रयशक्ती मिळाली. परंतु ती क्रयशक्ती उपयोगी पडण्यासाठी बाहेरून आलेले धान्य शिधावाटप दुकानांत असावे लागत होते. या कामांतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७९ पासून कायद्याच्या आधाराने चालू झाली. केंद्र शासनाची कामाच्या मोबदल्यात धान्य देण्याची योजना १९७७ मधील आहे. वकील-ब्रह्मानंद यांचा सिद्धांत वर्गात शिकविताना या योजनेचा उल्लेख क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट आहे. अन्नधान्याचे साठे भरलेले असताना हाच खर्च पहिल्या उत्तराच्या जवळ जातो, रिकामे असताना तिसऱ्याच्या.

सिद्धांतातील पुढील भर : वरील प्रतिमानात किंमती एक तर स्थिर असतात किंवा एकदम चढतात, त्या किती वेगाने चढतात याचा नियम त्यात नाही. ही जागा फिलिप्स यांच्या १९५८ मधील निबंधाने भरली. ब्रिटनमधील १८६१–१९५७ या काळातील आकड्यांवरून बेकारी कमी असताना मजुरीचे दर अधिक वेगाने वाढतात, असे त्यांना आढळले. १९६० मध्ये सॅम्युएल्सन व सोलो यांनी यातून अमेरिकेसाठी जणू एक दरपत्रकच तयार केले : इतकी चलनवाढ पत्करा, बेकारी इतकी कमी करा. मिल्टन फ्रीडमन (१९१२–२००६) यांनी १९६७ च्या अध्यक्षीय भाषणात, आणि एडमंड फेल्प्स यांनी स्वतंत्रपणे, या देवघेवीचा पाया ढिला असल्याचे दाखविले. कामगार वस्तूंच्या भाववाढीचा अंदाज बांधूनच मजुरी ठरवितो. तो अंदाज सुधारला, की बेकारी पूर्वीच्या पातळीवर परतते आणि चढलेली चलनवाढ तेवढी मागे उरते. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमतींबरोबर पाश्चात्त्य देशांत बेकारी व भाववाढ एकाच वेळी वाढली, तेव्हा हे प्रतिपादन सर्वत्र ऐकले गेले.

रॉबर्ट ल्यूकस (१९३७–२०२३) यांनी १९७६ मध्ये घेतलेला आक्षेप अधिक मूलगामी आहे. धोरण बदलले की लोकांच्या अपेक्षा बदलतात आणि अपेक्षा बदलल्या की उपभोग, गुंतवणूक व मजुरी यांची समीकरणेही बदलतात. तेव्हा जुन्या आकड्यांतून काढलेल्या गुणांकांवर नव्या धोरणाचा परिणाम मोजता येत नाही. आमच्या उदाहरणातील 'तीन-चतुर्थांश' हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. फ्रीडमन यांनी १९५७ मध्येच सांगितले होते, की माणूस त्या वर्षीच्या मिळकतीवर नव्हे, तर दीर्घकाळ टिकेल असे त्याला वाटणाऱ्या मिळकतीवर उपभोग बेततो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हे तत्त्व पुस्तकावाचून ठाऊक असते. चांगल्या सुगीचा पैसा तो त्याच वर्षी संपवीत नाही.

खुल्या अर्थव्यवस्थेसाठी मंडेल व फ्लेमिंग यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत केलेला विस्तार या अभ्यासक्रमात येतो. विनिमय दर स्थिर की तरता, आणि भांडवलाला सीमा ओलांडण्याची मोकळीक किती, यांवर शासकीय खर्चाचा व पैशाचा परिणाम पूर्णपणे पालटतो, हा त्याचा आशय. रुपयाचा दर मार्च १९९३ पासून बाजारात ठरू लागल्यानंतर भारतीय विद्यार्थ्याला हे प्रकरण परके राहिलेले नाही.

एलएम वक्राची आजची स्थिती : हिक्स यांच्या आकृतीत मध्यवर्ती बँक पैशाचे प्रमाण ठरविते व व्याजाचा दर बाजारात ठरतो. आज बहुतेक मध्यवर्ती बँका अल्पमुदतीचा व्याजदर ठरवितात आणि त्या दराला जितका पैसा मागितला जाईल तितका पुरवितात. भारतात अर्थसंकल्पातील तूट अल्पकालीन सरकारी हुंड्यांद्वारे रिझर्व्ह बँकेकडून आपोआप भरून निघण्याची पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. २०१६ मधील कायद्याच्या दुरुस्तीने सहा सदस्यांच्या पतधोरण समितीकडे व्याजदर सोपविला गेला व ग्राहक किंमतींच्या वाढीचे लक्ष्य ४ टक्के, दोन्ही बाजूंस २ टक्क्यांची मुभा, असे ठरले. त्यामुळे चढत्या एलएम वक्राऐवजी चलनवाढ पाहून व्याजदर हलविण्याचा बँकेचा नियम घालावा, असे अनेक नवी पुस्तके सुचवितात. तीन उत्तरांचा प्रश्न याने सुटत नाही. तो फक्त अधिक उघडपणे बँकेच्या दारी येतो. बँकेने दर हलविला नाही तर पहिले उत्तर, चढविला तर दुसरे किंवा तिसरे. २००८ च्या जागतिक संकटानंतर अनेक देशांत दर शून्याजवळ पोहोचले, तेव्हा पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गळालेली रोकडतेच्या सापळ्याची कल्पना पुन्हा तपशीलाने शिकविली जाऊ लागली. स्वतः हिक्स यांनी उतारवयात, १९८०–८१ मधील लेखात, आपल्या आकृतीला वर्गात उपयोगी पडणारे साधन यापलीकडे फार महत्त्व देण्याचे नाकारले होते.

अध्ययनपद्धती : या पायरीसाठी लागणारे गणित मर्यादित आहे. दोन अज्ञातांची समीकरणे, भूमितीश्रेणीची बेरीज व सोप्या फलनांचे अवकलन एवढे पुरते. आकृती, समीकरण व शब्द या तिन्ही रूपांत एकच उत्तर मांडता येणे हा आकलनाचा निकष समजला जातो; त्यांपैकी शब्दांतील उत्तर सर्वांत अवघड असते, कारण त्यात घटनांचा क्रम सांगावा लागतो : आधी काय बदलले, कोणाच्या हातात काय शिल्लक राहिले, त्याने काय केले. प्रस्तुत लेखकाच्या अध्यापनातील अनुभव असा, की वक्र अचूक काढणारे पुष्कळ विद्यार्थी 'व्याज का चढले' या प्रश्नाला 'एलएम वक्र वर चढतो म्हणून' असे उत्तर देतात. वर दिलेल्यासारखे आकड्यांचे उदाहरण स्वतः रचून प्रत्येक वेळी एकेक गृहीत बदलून पाहणे, हा यावर उपयुक्त ठरलेला उपाय आहे. गुंतवणूक व्याजदराला मुळीच दाद देत नाही असे धरले, तर वरील अर्थव्यवस्थेत पैशाचा पुरवठा कितीही वाढवून उत्पन्न हलत नाही. पैशाची मागणी व्याजदराला दाद देत नाही असे धरले, तर शासनाने कितीही खर्च करून उत्पन्न हलत नाही. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, तर पैशाच्या पुरवठ्याची रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. ती वाचताना चालू किंमती व स्थिर किंमती या दोन स्तंभांतील फरक कोणत्या वर्षी रुंदावला व त्या वर्षी पाऊस कसा होता, हे ताडून पाहण्याचे काम पदवीच्या वर्गातील विद्यार्थी ग्रंथालयात बसून करू शकतो.